ठक-टॉक, ठक-टॉक! हू तियू आलं!

बालमित्रांनो, रात्रीचे दहा वाजायला आलेत. व्हिएतनाममधल्या हो ची मिन्ह शहरातली एक अरुंद गल्ली. माणसं दारात बसून गप्पा मारताहेत, कुणी अभ्यास करतंय. आणि लांबून आवाज येतो, ठक-टॉक, ठक-टॉक! तुमच्याएवढाच, फार तर दोन-चार वर्षांनी मोठा असा एक मुलगा हातातले लाकडाचे किंवा लोखंडाचे दोन तुकडे एकमेकांवर आपटत चालला आहे. तोंडातून एक शब्द नाही! तरी एका घरातून हाक येते, 'दोन वाडगे!' दुसऱ्या मजल्यावरून कुणी एक बोट वर करून दाखवतं. मुलगा मान हलवतो आणि अंधारात पसार होतो. पाच-सात मिनिटांत परत येतो तो हातात वाफाळते वाडगे घेऊन.

ओळखा पाहू, काय विकत असेल तो?

आपल्याकडे घंटा वाजली की कुल्फीवाला आला हे कळतं. पिंजाऱ्याच्या तारेचा 'टँव टँव' आवाज तुमच्या आजी-आजोबांना विचारा. तसंच हे. या ठोक्यांचा अर्थ एकच, 'हू तियू आलं!' हू तियू म्हणजे तांदळाच्या नूडल्स, गरम सुपात घातलेल्या. आणि अशा ठोकून विकल्या जाणाऱ्या नूडल्सना तिथे म्हणतात 'हू तियू गो'. 'गो' म्हणजे ठोकणं. जुन्या साइगॉनमध्ये याच धंद्याला आवाजावरून 'सुक ताक' असंही म्हणत. (साइगॉन हे हो ची मिन्ह शहराचं जुनं नाव. १९७६ साली ते बदललं, पण लोकांच्या तोंडी अजून साइगॉनच असतं.)

आता नावाची गंमत ऐका. 'हू तियू' हा शब्द मी देवनागरीत लिहिला खरा, पण कुणा व्हिएतनामी माणसासमोर तुम्ही तो सपाट उच्चारलात तर तो बुचकळ्यात पडेल! कारण त्यांच्या भाषेत सूर बदलला की अर्थ बदलतो. एक 'मा' घ्या. एका सुरात म्हटलं तर भूत, दुसऱ्या सुरात दक्षिणेकडे आई, तिसऱ्यात भाताचं रोप, चौथ्यात थडगं, पाचव्यात घोडा आणि सहाव्यात 'पण'! आईला हाक मारायला जावं आणि भूत म्हणून बसावं, अशी पंचाईत.

पण हू तियू हा शब्द मुळात व्हिएतनामी नाहीच. तो चिनी आहे. चीनच्या दक्षिणेला क्वांगतोंग प्रांत आहे. त्याच्या पूर्व टोकाला, समुद्रकाठी, चाओचौ आणि शांताऊ ही गावं आहेत. तिथल्या लोकांना तिओचिऊ म्हणतात. त्यांच्या बोलीत 'क्वे' म्हणजे तांदळाच्या पिठाची वडी किंवा पोळी, आणि 'तियाऊ' म्हणजे पट्टी. तांदळाच्या पोळीच्या पट्ट्या, म्हणून 'क्वे तियाऊ'. हा शब्द जहाजात बसून निघाला आणि जिथे जिथे उतरला तिथलं रूप घेत गेला. थायलंडमध्ये 'क्वाय तियाव', कंबोडियात 'कुय तियाव', मलेशिया-सिंगापूरमध्ये 'क्वे टियाव', इंडोनेशियात 'क्वेतियाव' आणि व्हिएतनाममध्ये 'हू तियू'. नकाशा काढा आणि या देशांवर बोट फिरवा. एका समुद्राभोवती फेर धरल्यासारखे दिसतील.

आमच्या चौथीच्या वर्गात 'नूडल्स कुठल्या?' असं विचारलं की एका सुरात उत्तर येतं, 'चायनीज!' मग मी विचारते, गव्हाच्या की तांदळाच्या? इथे वर्ग गप्प. चीन केवढा मोठा देश! उत्तरेला थंडी, तिथे गहू पिकतो. दक्षिणेला पाऊस आणि ऊब, तिथे भात. आपल्याकडे नाही का, देशावर भाकरी आणि कोकणात भात! त्यामुळे उत्तरेकडच्या नूडल्स गव्हाच्या आणि दक्षिणेकडच्या बऱ्याचशा तांदळाच्या. हू तियू या दुसऱ्या घराण्यातलं.

मग ते व्हिएतनामला पोचलं कसं? १६४४ साली चीनमध्ये मिंग घराण्याचं राज्य गेलं आणि मांचू लोकांचं आलं. मिंगांशी इमान राखणारे काही सरदार झगडत राहिले, पण टिकाव लागेना. १६७९ साली यांग यान-दी आणि चेन शांग-चुआन हे दोन सेनानी पन्नासेक जहाजं आणि सुमारे तीन हजार माणसं घेऊन व्हिएतनामच्या किनाऱ्याला आले. (१६७९ म्हणजे आपल्या शिवाजी महाराजांच्या निधनाच्या आदलं वर्ष. इतिहासाच्या वहीत ही दोन सालं शेजारी-शेजारी लिहून ठेवा.) तिथल्या न्गुयेन घराण्याच्या राजाला प्रश्न पडला. एवढी हत्यारबंद माणसं ठेवून घ्यायची तर धोका, हाकलायची तर पुन्हा भांडण! त्याने त्यांना दक्षिणेला, मेकाँग नदीच्या बाजूच्या दलदलीच्या मुलखात पाठवून दिलं. एक तुकडी बिएन होआ इथे उतरली, दुसरी मी थो इथे. त्यांनी रान साफ केलं, बाजार वसवले. पुढे शंभरेक वर्षांनी लढायांमुळे बिएन होआचे चिनी व्यापारी उठून साइगॉनजवळ गेले. तिथे जी पेठ झाली तिचं नाव चो लोन, म्हणजे 'मोठा बाजार'. कोलकात्याचा बडा बाजार आठवला ना?

तिओचिऊ लोक मुख्यतः त्यानंतरच्या काळात थोडे थोडे करून आले. काही मेकाँगच्या मुखाशी भातशेती, भाजीपाला करू लागले, काही कंबोडियात दुकानं टाकून बसले. आणि माणूस घर सोडून परदेशी गेला की पहिली आठवण कशाची येते? ताटातल्या पदार्थाची!

इथे त्यांचं नशीब चांगलं. मेकाँग ही तिबेटच्या पठारावरून निघून सहा देशांतून वाहणारी नदी. समुद्राला मिळताना तिला इतके फाटे फुटतात की व्हिएतनामी लोक तिला 'नऊ ड्रॅगन' म्हणतात. या फाट्यांच्या मधल्या गाळात व्हिएतनामचा निम्म्याहून जास्त तांदूळ पिकतो. तांदळाच्या नूडल्स करायला याहून चांगली जागा कुठली?

आता त्या करतात कशा ते पाहू. आई-आजींना इथे जवळ बोलवा, कारण त्यांना हे वाचताना 'अगं, हे तर आपलंच!' असं वाटणार आहे.

तांदूळ भिजत घालतात, पाण्याबरोबर अगदी मऊ वाटतात. पूर्वी दगडी जात्यावर, आता यंत्रावर. या वाटणात बऱ्याच ठिकाणी टॅपिओकाचं पीठ मिसळतात. टॅपिओका म्हणजे तोच कंद, ज्याच्यापासून आपला उपासाचा साबुदाणा होतो! त्याने नूडल्सना चिवटपणा येतो. मग मोठ्या हंड्यात पाणी उकळत ठेवतात. हंड्याच्या तोंडावर घट्ट कापड ताणून बांधलेलं असतं. त्या कापडावर पळीभर पीठ ओतायचं, पळीच्या बुडाने गोल गोल पसरायचं, वर झाकण. मिनिटभरात झाकण काढलं की पांढरी, पारदर्शक, थरथरणारी पोळी तयार. ती बांबूच्या काठीने किंवा रुळाने अलगद उचलायची आणि बांबूच्या जाळीदार तट्ट्यावर पसरायची. उन्हात वाळली की यंत्रात घालून बारीक पट्ट्या कापायच्या.

सालपापड्या! होय की नाही? आपल्याकडे उन्हाळ्यात तांदूळ भिजवून, वाटून, ताटलीवर पातळ पीठ पसरून वाफवतात, सुईने किंवा सुरीच्या टोकाने साल सोडवतात आणि वाळत घालतात. कृती जवळजवळ तीच. फरक एवढाच की आपण ती तळून खातो आणि ते कापून सुपात घालतात. आणि कोकणातल्या वाचकांना नारळाच्या रसातले शिरवळे आठवले असतील, पण ते सोऱ्यातून पाडतात, कापत नाहीत.

चुलीत काय जाळतात माहीत आहे? भाताचं तूस! तांदूळ खायचा आणि त्याच्याच टरफलावर तो शिजवायचा. कान थो शहराजवळ काय रांग नावाच्या भागात असे कारखाने आहेत. कारखाना म्हणजे एखादी शेड, चार-सहा माणसं, आणि अंगणभर तट्ट्यांच्या रांगा. पहाटेच्या अंधारात काम सुरू होतं, कारण ऊन चुकवून चालत नाही. अचानक ढग आले की सगळ्यांची धावपळ! अंगणात पापड घातलेत आणि वळिवाचा थेंब पडला की आपल्या घरात जे होतं, ते त्यांच्याकडे हजार पटीने. हल्ली काही कारखान्यांत रंगीत नूडल्सही करतात. निळा रंग कशाचा, तर गोकर्णाच्या फुलांचा.

एक प्रश्न हुशार मुलांना पडेल. गव्हाच्या कणकेच्या शेवया हाताने ओढून लांब करता येतात. मग तांदळाचं पीठ आधी शिजवून, मग का कापायचं? करून बघा. वाटीभर कणीक मळा आणि वाटीभर तांदळाचं पीठ मळा. दोन्ही गोळे ओढा. कणीक रबरासारखी ताणली जाते, तांदळाचा गोळा मात्र तुटतो. गव्हात ग्लूटेन नावाचं प्रथिन असतं, ते पिठाला धरून ठेवतं. तांदळात ते नाही. म्हणून तांदळातल्या पिष्टावर भिस्त ठेवावी लागते. पिष्ट वाफेने फुगतं, एकमेकांना चिकटतं आणि गार झालं की घट्ट होतं. त्यातही तांदूळ जुना हवा. शिवाय ज्याचा भात मोकळा होतो तसलाच तांदूळ बरा. आपल्या आंबेमोहोराचा भात खायला गोड, पण मऊ आणि चिकट. त्याच्या नूडल्स करायला घ्याल तर लगदा होईल.

मी थो आणि सा डेक ही दोन गावं हू तियूसाठी प्रसिद्ध. मी थोच्या नूडल्स बारीक, चिवट आणि वाळवलेल्या. सा डेकच्या जाडसर, पांढऱ्याशुभ्र, मऊ. तिथे तांदळाचं पीठ करणारी वस्तीच आहे. कुठलं चांगलं यावर तिथे कोल्हापुरी-पुणेरी मिसळीइतकंच कडाक्याचं भांडण होतं! गंमत म्हणजे २०२५ साली व्हिएतनामने आपले प्रांत एकमेकांत मिसळले आणि ही दोन्ही गावं आता डोंग थाप या एकाच प्रांतात आली आहेत. भांडण मिटलं असेल असं मला वाटत नाही.

आता सर्वांत नावाजलेला प्रकार. त्याचं नाव 'हू तियू नाम वांग'. नाम वांग म्हणजे काय? कंबोडियाची राजधानी नॉम पेन्ह! तिला व्हिएतनामी लोक नाम वांग म्हणतात. म्हणजे बघा, पदार्थ चिन्यांचा, नाव कंबोडियाच्या राजधानीचं, आणि गाजला व्हिएतनाममध्ये. बारा गावचं पाणी प्यालेला पदार्थ आहे हा!

डुकराची हाडं तासन्‌तास उकळून त्याचं सूप करतात. त्यात सुकवलेली कोळंबी (कोकणातले सोडेच म्हणा ना), सुकवलेला माकूल, मुळा आणि थोडी खडीसाखर. दक्षिण व्हिएतनामच्या माणसांना जेवणात गोडवा लागतो. उत्तरेकडे हनॉईत लोक 'फो' नावाच्या नूडल्स खातात, त्याच्या सुपात दालचिनी-चक्रीफुलाचा वास असतो. हू तियूत तो नसतो. वाडग्यात नूडल्स, वर खिमा, काळीज, कोळंबी, लाव्ह्याचं उकडलेलं अंडं आणि तळलेला लसूण. शेजारी ताटलीत कच्चा पाला. त्यात मोड आलेले मूग असतातच. आपण मोड जरा डोकावले की उसळ करून टाकतो, ते मात्र बोट-बोट लांब होऊ देतात. वर लिंबू पिळायचं, मिरची घालायची. एका हातात काड्या, दुसऱ्यात चमचा. कुणी 'कोरडं' मागितलं तर नूडल्स सॉसमध्ये घोळून वेगळ्या आणि सूप वेगळ्या वाटीत.

या नावामागे जी हकीगत आहे ती मात्र गोड नाही. फ्रेंचांच्या राज्यात कंबोडिया आणि व्हिएतनाम एकाच कारभाराखाली होते, तेव्हा नॉम पेन्हचे व्यापारी, खानावळवाले साइगॉनला सहज जात-येत. पुढे १९७० साली कंबोडियात सत्तापालट झाला आणि तिथे राहणाऱ्या व्हिएतनामी लोकांवर हल्ले झाले. हजारो कुटुंबं साइगॉनकडे पळाली. मग १७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूज नावाच्या गटाने नॉम पेन्ह घेतलं आणि सगळं शहर रिकामं करायला लावलं. आजारी माणसांनासुद्धा इस्पितळातून बाहेर काढलं. जानेवारी १९७९ पर्यंत ते राज्य चाललं आणि त्यात दहा लाखांहून कितीतरी जास्त माणसं मेली. जे सीमा ओलांडून निसटले, त्यांच्याजवळ काय होतं? अंगावरचे कपडे आणि हाताला असलेली चव. मग पोट भरायला त्यांनी काय केलं असेल? चूल मांडली आणि सूप उकळायला ठेवलं. साइगॉनमध्ये नाम वांगच्या नावाची दुकानं अशा लोकांच्या हातांनी वाढली.

दुर्दैव असं की ज्या व्हिएतनामने त्यांना आसरा दिला, तिथेही थोड्याच दिवसांत चिनी वंशाच्या लोकांना राहणं कठीण झालं. १९७८ मध्ये दुकानं सरकारने ताब्यात घेतली, १९७९ मध्ये चीन आणि व्हिएतनामचं युद्ध झालं. हजारो चिनी कुटुंबं लहान लहान होड्यांतून समुद्रात निघाली. १९७५ ते १९९५ या वीस वर्षांत व्हिएतनाममधून सुटलेली सुमारे आठ लाख माणसं, चिनी वंशाची आणि व्हिएतनामी मिळून, दुसऱ्या देशांच्या किनाऱ्याला लागली. जी पोचली नाहीत त्यांची नीट मोजदादही नाही. अमेरिकेच्या कॅलिफोर्नियात, फ्रान्समध्ये पॅरिसला आज हू तियू मिळतं ते यांच्यामुळे. पालकांनी मुलांना हा भाग समजावून सांगावा. मुलांना कळत नाही असं आपण उगीच समजतो.

आणि तो ठक-टॉक करणारा मुलगा? तो चिनी नाही. सुरुवातीला हा धंदा चिनी फेरीवाल्यांचा होता खरा, पण नंतर तो इतरांकडे आला. आज साइगॉनमध्ये हू तियू गोच्या गाड्या लावणारे बरेचसे लोक मध्य व्हिएतनाममधल्या क्वांग न्गाई प्रांतातले. तिथे जमीन थोडी, वादळं आणि पूर नेहमीचे. कोकणातला माणूस मुंबईला गिरणीत यायचा ना, तसे ते साइगॉनला येतात. एक गाडी, एक स्टोव्ह, सुपाचा हंडा. नवरा-बायको गाडीवर, आणि ठोके देत गल्ल्या फिरायला घरातला किंवा गावाकडून आणलेला मुलगा. दुकानापेक्षा वाडगा कितीतरी स्वस्त, म्हणून रात्रपाळीचे कामगार, रिक्षा ओढणारे, विद्यार्थी यांची भूक याच गाडीवर भागत आली.

त्या मुलाची रात्र मोठी असते. वाडगे पोचवायचे, मग अर्ध्या तासाने त्याच घरांकडे रिकामे वाडगे आणि पैसे गोळा करायला जायचं. कुठल्या दारी किती दिले हे सगळं डोक्यात! वही नाही, पेन्सिल नाही. असला हिशेब ठेवणारा मुलगा माझ्या वर्गात असता तर गणितात पहिला आला असता, असं मला वाटून जातं. पण तो सकाळच्या शाळेत जागा राहणार कसा? बालहक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारावर १९९० साली मोहोर उमटवणारा व्हिएतनाम हा आशियातला पहिला देश. (भारताने १९९२ साली मान्यता दिली.) तरीही हे ठोके मुलांच्याच हातून ऐकू येत राहिले. आता फोन आले, लोक घरी बसून मागवतात, काही गाड्यांवर आवाज रेकॉर्ड करून लावतात. ठोके पूर्वीइतके ऐकू येत नाहीत. म्हाताऱ्या साइगॉनकरांना त्या आवाजाची हुरहुर लागते. मला मात्र तो मुलगा लवकर झोपत असेल तर बरंच वाटेल.

'पण बाई, आम्ही शाकाहारी!' असं कुणी तरी म्हणणारच. काळजी नको. व्हिएतनाममधले पुष्कळ बौद्ध लोक चांद्र महिन्याच्या पहिल्या दिवशी आणि पौर्णिमेला मांस-मासे खात नाहीत. कडक पाळणारे तर कांदा-लसूणही खात नाहीत, अगदी आपल्या चातुर्मासासारखं! त्या दिवशी 'हू तियू चाय' म्हणजे शाकाहारी हू तियू मिळतं. तेच आपल्या स्वयंपाकघराला सोसेल असं करून बघू. गॅसजवळ मोठं माणूस हवं.

चार जणांसाठी आठ पेले पाणी घ्या. त्यात एक पांढरा मुळा, दोन गाजरं, पाव कोबी आणि दाणे काढून घेतलेलं मक्याचं कणीस मोठे तुकडे करून घाला. चवीला मीठ आणि एक चमचा साखर. मंद आचेवर पाऊण तास उकळू द्या, मग गाळा. कोरड्या तांदळाच्या शेवया (दुकानात राइस नूडल्स म्हणून मिळतात) गरम पाण्यात मऊ होईपर्यंत ठेवा आणि लगेच थंड पाण्यातून काढा, म्हणजे चिकटणार नाहीत. पनीर किंवा टोफूचे तुकडे तव्यावर खरपूस परता. आता खोलगट वाडग्यात शेवया, त्यावर टोफू, मूठभर मोड आलेले मूग, वरून उकळतं सूप. सूप उकळतंच हवं, कोमट असेल तर मूग कच्चेच लागतात. कोथिंबीर, भाजलेल्या शेंगदाण्याचं भरड कूट, लिंबाची फोड. मिरची बेतानं. आणि काड्या नसतील तर खुशाल काट्याने खा, पण वाडगा तोंडाला लावून सूप प्यायला विसरू नका.